‘नाही’ आणि ‘आढळले नाही’

दिवाळीच्या दिवसांत आमच्या घरी एक वाद ठरलेला असतो. फराळाची ताटे मधे असतात, इंदूरबाहेर गेलेली मुले-नातवंडे घरी आलेली असतात, आणि कुणीतरी अश्वत्थाम्याचा विषय काढते. असीरगडाच्या रानात तो अजून फिरतो, कपाळावरच्या जखमेसाठी वाटसरूंकडे तेल मागतो, असे आमची आजी सांगत असे. नर्मदेची परिक्रमा करून आलेली मंडळीही असेच काहीतरी सांगत. तिकडे नंदुरबार भागात अस्तंभ्याच्या शिखरावर ऐन दिवाळीत त्याच्या नावाने यात्रा भरते. थोडक्यात, आपल्या सातपुड्यात या चिरंजीवाची वस्ती फार जुनी आहे.

गेल्या दिवाळीत नातवाने त्यात हिमालयातल्या यतीची भर घातली. २०१९ च्या एप्रिलमध्ये आपल्या सैन्याने मकालूच्या तळाजवळ बर्फात दिसलेल्या पावलांची छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. एकेक पाऊल ३२ इंच लांब आणि १५ इंच रुंद! ती छायाचित्रे त्याने सर्वांना दाखवली. लगेच घरात दोन तट पडले. एक तट म्हणाला, ‘सैन्य कशाला खोटे सांगेल?’ दुसरा म्हणाला, ‘सगळे थोतांड आहे.’ मी कोणत्याच तटात गेलो नाही. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, हे दोन्ही तट एकाच जातीचे आहेत. दोघांनाही जागेवरून उठायचे नसते. एकाने ऐकले आणि मान डोलावली. दुसऱ्याने ऐकले आणि हसून सोडून दिले. पाहायला कुणीच गेले नाही.

पाहायला गेलेल्यांची गोष्ट निराळी असते. १९६० साली एडमंड हिलरी यतीच्या शोधासाठी नेपाळात गेले. खुमजुंग गावच्या गोंपात यतीच्या डोक्याचे म्हणून एक टोपीसारखे कातडे जपून ठेवलेले होते. हिलरींनी त्याची टिंगल केली नाही. गावकऱ्यांची परवानगी घेऊन, गावातल्याच एका वडीलधाऱ्या माणसाला सोबत घेऊन त्यांनी ते शिकागो, पॅरिस आणि लंडन येथील तज्ज्ञांना दाखवले, आणि परत आणून दिले. ते कातडे सेरो नावाच्या, बकरीसारख्या डोंगरी जनावराचे निघाले. पुढे २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी यतीचे म्हणून जपलेल्या केस, हाडे, दात वगैरे नऊ वस्तूंची जनुकीय तपासणी केली. त्यांतल्या आठ अस्वलांच्या निघाल्या आणि एक कुत्र्याची. या तपासणीतून हिमालयातल्या तपकिरी अस्वलाची वंशशाखा फार पूर्वीच इतरांपासून वेगळी झाली होती, हेही कळले. म्हणजे यती सापडला नाही, पण अस्वल मात्र अधिक कळले. नुसते ‘थोतांड’ म्हणून बसणाऱ्याला हे कसे मिळावे?

तेव्हा यतीविषयी मला कुणी विचारले तर मी ‘नाही’ म्हणेन. एवढे मोठे जनावर एकटे राहत नाही. त्याची पिल्ले असतात, त्याला खायला लागते, ते मरते तेव्हा हाडे मागे राहतात. अस्वलाचे मागचे पाऊल पुढच्या पावलाच्या ठशावर पडते, उन्हाने बर्फ वितळून ठसा पसरतो, आणि अस्वलाचा राक्षस होतो. पण माझे हे ‘नाही’ तपासणीनंतरचे आहे. उद्या कुणी नवे हाड आणले, तर तेही तपासावे असेच मी म्हणेन.

आता दुसरी बाजू. ही घटना हिमालयातली नाही, आपल्या शेजारची आहे. रानपिंगळा, कुणी वनपिंगळाही म्हणतात, हे एक लहानसे घुबड. पुढे राष्ट्रसभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर ते कुणाच्या हाती लागले नाही. संग्रहालयांत मोजून सात नमुने, आणि रानात शून्य. सालीम अलींसारख्या पक्षिशास्त्रज्ञानेही शोधले, पण व्यर्थ. पक्षी नामशेष झाला, असे बहुतेकांनी धरून चालले.

यात एक अडथळा होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज कर्नलाने १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवीजवळ आपण हा पक्षी मिळवला, असे सांगितले होते. त्याच्या नमुन्यावर तशी चिठ्ठीही होती. पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा कळले की तो संग्रहालयातूनच चोरलेला जुना नमुना आहे. नव्याने पेंढा भरून त्याला खोटी चिठ्ठी लावली आहे. त्या चिठ्ठीवर विसंबून शोध भलत्याच दिशेला गेला होता. बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ती चिठ्ठी बाजूला सारली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांचा माग धरला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना रानपिंगळा दिसला. दिवसाउजेडी, झाडावर बसलेला! एकशे तेरा वर्षांनी. पुढे तो मेळघाटात आणि आपल्या खंडव्याकडच्या जंगलांतही आढळला.

येथे खोटे बोलला तो कोट-टोपीतला साहेब, आणि तेही संग्रहालयाच्या कपाटातून. शंका कोणाच्या बोलण्यावर घ्यायची, याचे आपले हिशेब पुष्कळदा असे उलटे असतात.

हे मी दुसऱ्यांना सांगतो आहे, पण माझे स्वतःचे वागणे काय होते? पन्नासएक वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त मी बऱ्हाणपुरात होतो. मित्रांबरोबर असीरगड चढलो. वाट दाखवायला एक म्हातारा कोरकू होता. वर महादेवाच्या देवळात त्याने सांगितले की, पहाटे अश्वत्थामा येऊन फूल वाहून जातो. आम्ही हसलो. उतरताना त्याने रानातल्या जनावरांच्या गोष्टी काढल्या. त्यांत भर दुपारी उघड्या फांदीवर बसणाऱ्या एका छोट्या घुबडाचीही होती. ‘बाबा, तेही तेल मागते का?’ असे मी विचारले. मित्र पोट धरधरून हसले. म्हातारा गप्प झाला आणि पायथ्यापर्यंत एक शब्द बोलला नाही.

शहाद्याची बातमी वाचली, तेव्हा मला तो म्हातारा आठवला. त्याचे घुबड रानपिंगळाच होते, असे मी मुळीच म्हणत नाही. साधा पिंगळाही दिवसा दिसतो. बहुधा तोच असावा. पण मी विचारले नाही. ‘कुठे बसते? बोलते कसे? दाखवता का?’ एवढे तीन प्रश्न विचारायला काय लागत होते? मी त्याच्या दोन्ही गोष्टी एकाच हसण्यात निकालात काढल्या. वास्तविक त्या निरनिराळ्या होत्या. अश्वत्थामा ही शोधून काढण्याची वस्तू नव्हे. झोपलेल्या मुलांना मारणाऱ्याची जखम कधी भरत नाही, हे ती कथा सांगते, आणि त्यासाठी पावलांचे ठसे लागत नाहीत. घुबडाची गोष्ट मात्र पाहून येण्याजोगी होती.

म्हणून माझी वाचकांना विनंती आहे. घरातले पोर रानातल्या अद्भुत प्राण्याविषयी विचारील, तेव्हा ‘खरेच आहे’ म्हणू नका आणि ‘खुळा आहेस’ असेही म्हणू नका. कोणी पाहिले, कधी, कुठे, दुसरे काय असू शकेल, हे त्याच्याबरोबर बसून विचारा. आणि रानात राहणारा माणूस बोलत असेल तर आधी पुरते ऐकून घ्या.

नातवाला मी इतकेच म्हणालो की, यतीला जायचे तर हिमालय लांब आहे. सातपुडा जवळ आहे. थंडीत खंडव्याकडे जाऊ. रानपिंगळा आजही संकटात असलेला पक्षी आहे. त्याचे सागवानी रान आहे तोवर तो आहे. दिसला नाही तर ‘दिसला नाही’ असेच वहीत लिहून परत येऊ.