आकडे वेळेवर, अन्न मात्र उशिरा

सुदानच्या उत्तर दारफूर प्रांतात अल-फाशर शहरालगत झमझम नावाची विस्थापितांची मोठी छावणी होती. यादवी युद्धामुळे घरदार सोडून आलेली लाखो माणसे तेथे आश्रयाला राहत होती. २०२४ च्या फेब्रुवारीत ‘मेदसां सां फ्रोंतिएर’ या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तेथे केलेल्या पाहणीच्या आधारे जगाला कळवले, की या छावणीत दर दोन तासांना किमान एक बालक दगावत आहे. मार्च व एप्रिल महिन्यांत याच संघटनेने ४६ हजारांहून अधिक मुलांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी ३० टक्के मुले तीव्र कुपोषित आढळली. तरीही ‘झमझममध्ये दुष्काळ आहे’ असा अधिकृत निष्कर्ष जाहीर होण्यास १ ऑगस्ट २०२४ ही तारीख उजाडावी लागली. फेब्रुवारी ते ऑगस्ट या सहा महिन्यांत दर दोन तासांचा हिशेब कोठवर गेला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

संकटग्रस्तांना मदत पोहोचवण्याच्या कामात आज माहितीला फार मोठे स्थान आले आहे. उपग्रह पिकांची व पावसाची छायाचित्रे घेतात, बाजारभाव भ्रमणध्वनीवरून गोळा होतात, निर्वासितांच्या बोटांचे ठसे संगणकात साठवले जातात. असे असता, जे दिसत होते त्यावर कृती होण्यास इतका विलंब का लागतो? माहिती कमी पडते, की माहिती आणि कृती यांच्यामधला दुवा तुटलेला आहे? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

दुष्काळ मोजतात कसा?

आपल्या भाषेत ‘दुष्काळ’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरला जातो. पाऊस न पडणे हाही दुष्काळ आणि अन्नावाचून माणसे मरणे हाही दुष्काळच. आंतरराष्ट्रीय मदतकार्यात मात्र दुसऱ्या अर्थाच्या दुष्काळाची काटेकोर व्याख्या केलेली आहे. २००४ साली सोमालियात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अभ्यासगटाने एक पद्धत तयार केली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘आयपीसी’ म्हणतात. तिच्यात अन्नटंचाईचे पाच टप्पे आहेत. तिसरा टप्पा संकटाचा, चौथा आणीबाणीचा आणि पाचवा दुष्काळाचा.

एखाद्या प्रदेशात पाचवा टप्पा आला असे ठरवण्यासाठी तीन कसोट्या आहेत. किमान २० टक्के कुटुंबांना अन्नाची पराकोटीची वाण असावी, पाच वर्षांखालील किमान ३० टक्के मुले तीव्र कुपोषित असावीत आणि उपासमारीमुळे किंवा उपासमार व आजार एकत्र येऊन दररोज दर १० हजार लोकांमागे किमान दोन मृत्यू होत असावेत. मुलांचे कुपोषण मोजण्याचे एक साधन अगदी साधे आहे. दंडाभोवती गुंडाळण्याची एक रंगीत फीत. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, की फितीचा लाल भाग दिसतो. त्या बालकाला तातडीने उपचार हवे असतात.

या कसोट्या नीट पाहिल्या, की एक अस्वस्थ करणारी गोष्ट ध्यानी येते. दोन लाख वस्तीचा एखादा तालुका डोळ्यांसमोर आणावा. तेथे रोज ४० माणसे मरू लागली, म्हणजे तिसरी कसोटी पूर्ण होते. अर्थात दुष्काळाची घोषणा होते तेव्हा प्रेतयात्रा सुरू होऊन बराच काळ लोटलेला असतो. ती घोषणा एका अर्थी पंचनामाच असतो. खरा इशारा तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यावरच मिळालेला असतो. दुर्दैवाने जगाचे लक्ष आणि पैसा पाचव्या टप्प्याची वाट पाहत थांबतो.

सोमालियाचा धडा

२०१०-११ चा सोमालिया हे याचे सर्वांत कटू उदाहरण होय. १९८५ साली, इथिओपियातील भीषण दुष्काळानंतर, अमेरिकेने ‘फ्यूज नेट’ नावाची दुष्काळाची पूर्वसूचना देणारी यंत्रणा उभी केली होती. या यंत्रणेने २०१० च्या ऑगस्टमध्येच सांगितले, की पूर्व आफ्रिकेत पाऊस अपुरा पडण्याची चिन्हे आहेत. पुढील महिन्यांत इशाऱ्यांमागून इशारे दिले गेले. ऑक्टोबर-डिसेंबरचा पाऊस हुकला, त्यानंतरचा एप्रिल-जूनचाही अपुरा पडला. धान्याचे भाव वाढले आणि जनावरे मेली. २० जुलै २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांनी दक्षिण सोमालियाच्या दोन भागांत दुष्काळ जाहीर केला. त्यानंतर मदतीचा ओघ वाढला.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या आपत्तीत सुमारे २ लाख ५८ हजार माणसे मरण पावली. त्यांतील सुमारे १ लाख ३३ हजार मुले पाच वर्षांखालील होती. २०११ च्या मे ते ऑगस्ट या काळात महिन्याला सुमारे ३० हजार जीव जात होते. म्हणजे मृत्यूची लाट घोषणेच्या आधीच उसळलेली होती.

येथे आकड्यांचा दोष नव्हता. दक्षिण सोमालियाचा मोठा भाग अल-शबाब या सशस्त्र गटाच्या ताब्यात होता व त्याने अनेक मदतसंस्थांना मज्जाव केला होता. जागतिक अन्न कार्यक्रमाला २०१० च्या आरंभी तेथून बाहेर पडावे लागले. दुसरीकडे, मदत त्या गटाच्या हाती पडेल या भीतीने देणग्या देणाऱ्या देशांनी हात आखडता घेतला. शिवाय अंदाज हा अंदाजच असतो. तो खोटा ठरला तर पैसा वाया गेल्याचा ठपका येतो. खरा ठरला आणि पैसा दिला नसेल, तर दोष कोणा एकाच्या माथी येत नाही. म्हणून थांबणे सोयीचे होते. ज्यांचे मूल दंडाच्या लाल फितीपर्यंत पोहोचले, त्यांना मात्र थांबणे परवडणारे नव्हते.

२०२२ मध्ये सोमालियात पुन्हा पाऊस हुकत गेला. या वेळी मदत लवकर व मोठ्या प्रमाणात पोहोचली आणि दुष्काळाची अधिकृत घोषणा टळली. तरीही त्या एका वर्षात सुमारे ४३ हजार अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज नंतर मांडला गेला. घोषणा टळली म्हणजे मरण टळले, असे समजण्याचे कारण नाही.

आपल्याच मातीतील जुना अनुभव

माहिती आणि कृती एकमेकींना बांधून ठेवण्याची कल्पना नवी नाही. तिचे एक जुने रूप आपल्या देशातच घडले. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात मुंबई व मद्रास इलाख्यांत लक्षावधी माणसे दगावली. त्यानंतर ब्रिटिश सरकारने १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल घेतला आणि त्याआधारे दुष्काळ संहिता तयार झाल्या. धान्याचे भाव चढणे, माणसे गाव सोडून भटकू लागणे, चोऱ्या वाढणे ही त्या संहितांनी सांगितलेली धोक्याची चिन्हे होत. ती दिसताच अधिकाऱ्याने चाचणीची कामे काढायची. अत्यल्प मजुरीवरही तेथे गर्दी लोटली, तर लोक खरोखर हलाखीत आहेत हे सिद्ध व्हायचे आणि दुष्काळी कामे मोठ्या प्रमाणावर सुरू करायची. परकीय सरकारचा हात त्यात अतिशय आखडता होता आणि त्याची फार मोठी किंमत गरिबांनी मोजली, हे विसरता येणार नाही. परंतु ठरलेले चिन्ह दिसले की ठरलेली कृती करायची, हे तत्त्व त्यात होते.

महाराष्ट्रात १९७२-७३ च्या दुष्काळात या तत्त्वाला नवे रूप आले. खडी फोडण्याच्या, रस्त्यांच्या, पाझर तलावांच्या कामांवर १९७३ च्या मे महिन्यात जवळजवळ ५० लाख माणसे राबत होती. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत झाला. त्यामुळे कामाची मागणी करणारा मजूर हा स्वतःच टंचाईची खबर ठरला व त्या मागणीतून त्याचा हक्कही निर्माण झाला. आमच्या मते हा फरक फार मोलाचा आहे. माणूस येथे कोणाच्या तक्त्यातील रकाना राहत नाही, तो स्वतःची गरज स्वतः सांगतो.

याउलट पैसेवारीचा अनुभव पाहावा. पीक ५० पैशांच्या आत आले की टंचाई मानायची, ही पद्धत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. तिच्याविषयीची शेतकऱ्यांची तक्रारही तितकीच जुनी आहे. पैसेवारी उशिरा लागते आणि ती लावणाऱ्यावर वरून दबाव येऊ शकतो. आकडा जेव्हा पैशाचे दार उघडतो, तेव्हा तो आकडा वाकवण्याचा मोहही उत्पन्न होतो.

सुदानमध्ये तेच मोठ्या प्रमाणावर घडले. २०२४ च्या डिसेंबरात दुष्काळाचा विस्तार झाल्याचा अहवाल प्रसिद्ध होण्याच्या तोंडावर तेथील सरकारने आयपीसी पद्धतीतील आपला सहभागच थांबवला. पुढे २०२५ च्या एप्रिलमध्ये झमझमवर निमलष्करी दलाने हल्ला करून ती छावणी ताब्यात घेतली आणि तेथील माणसे पुन्हा परागंदा झाली. ऑक्टोबरात अल-फाशर शहर पडले. नोव्हेंबरच्या आरंभी अल-फाशर आणि कादुगली या दोन शहरांत दुष्काळ असल्याचे जाहीर झाले.

आधी ठरवून ठेवण्याची वाट

यावर उपाय नाही असे नाही. २०२० च्या जुलैमध्ये बांगलादेशात यमुना नदीला मोठा पूर येणार असल्याचा अंदाज आला. संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीने त्यासाठी आधीच करार करून ठेवले होते. नदीच्या पातळीचा अंदाज अमुक रेषा ओलांडील तर अमुक रक्कम अमुक संस्थांना तत्काळ द्यायची, असे ठरले होते. रेषा ओलांडली जाईल असे दिसताच, पुराचा कळस येण्याआधीच, सुमारे ५२ लाख डॉलर मोकळे झाले. गरीब कुटुंबांच्या हाती पूर शिगेला पोहोचण्यापूर्वी पैसे पडले. धान्य उंचावर हलवणे, जनावरांसाठी चारा घेणे, सुरक्षित जागी जाणे त्यांना शक्य झाले. या पद्धतीचा गाभा तंत्रज्ञानात नसून आधी दिलेल्या शब्दात आहे. संकट दारात उभे असताना चर्चा करीत बसायचे नाही, चर्चा शांततेच्या काळातच संपवायची.

नोंदीमागचा माणूस

माहिती गोळा करताना आणखी एक जबाबदारी येते. भुकेला माणूस आपले नाव, धर्म, कुटुंब, बोटांचे ठसे हे सारे निमूटपणे देतो. कारण ‘नाही’ म्हणण्याची त्याची परिस्थिती नसते. २०२१ मध्ये ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संघटनेने आरोप केला, की बांगलादेशातील रोहिंग्या निर्वासितांची जमवलेली माहिती त्यांच्या पुरेशा संमतीवाचून म्यानमारच्या सरकारपर्यंत पोहोचली, म्हणजे ज्यांच्या भीतीने ते पळून आले त्यांच्याच हाती. निर्वासितांना पूर्वकल्पना दिली होती, असा संबंधित संयुक्त राष्ट्र संस्थेचा खुलासा आहे. २०२२ च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीच्या संगणकांवर हल्ला होऊन ५ लाख १५ हजारांहून अधिक दुर्बल व्यक्तींची माहिती चोरांच्या हाती गेली. युद्धात व आपत्तीत ताटातूट झालेल्या कुटुंबांना एकत्र आणण्यासाठी ती जपून ठेवलेली होती. अन्नाच्या बदल्यात घेतलेली माहिती ही ठेव आहे. गरजेपुरतीच घ्यावी, गरज संपताच नष्ट करावी आणि ज्याची ती आहे त्याला तिचा उपयोग समजेल अशा भाषेत सांगावा, एवढी मर्यादा मदतसंस्थांनी पाळलीच पाहिजे.

दुसरे संकट मोजणारेच नाहीसे होण्याचे आहे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, तेव्हा चाळीस वर्षे चाललेल्या ‘फ्यूज नेट’चे कामही थांबले. त्याच वर्षी पुढे ते काही प्रमाणात पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात भूक मात्र थांबली नव्हती, थांबली ती तिची नोंद. ज्या भुकेची नोंद नाही, तिच्यासाठी कोणी उत्तरदायी नसते.

आपण काय करू शकतो?

वाचक बंधुभगिनींनो, झमझम आपल्यापासून फार दूर होते. तरी आपण उपवासकाळात दानपेटीत टाकलेले पैसे कॅरितास व अशा अन्य संस्थांमार्फत दूरवरच्या माणसांपर्यंत जातात. दात्यांनी केवळ ‘किती गोळा झाले’ एवढेच विचारू नये. ‘केव्हा पोहोचले’ हेही विचारावे. छायाचित्रे पाहून हळहळणारा दाता उशिराच देतो. इशारा ऐकून देणारा दाता वेळेवर देतो. म्हणून आपल्या संस्थांपाशी संकटापूर्वी वापरता येईल असा राखीव निधी असावा, असा आग्रह धरायला हवा.

आणि आपल्या दाराशी? आपल्या प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या, मृत्यूच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या चोख ठेवल्या जातात. परंतु अतिवृष्टीच्या रात्री कोणत्या वस्तीत एकटी वृद्ध व्यक्ती राहते, कोणाला अंथरुणातून उचलून न्यावे लागेल, कोणाचे औषध चुकता कामा नये, याची यादी किती ठिकाणी आहे? अशी एक लहानशी यादी, त्या माणसांना विचारून केलेली, विश्वासू हाती ठेवलेली आणि दर पावसाळ्यापूर्वी तपासलेली असावी. यादीतील प्रत्येक नावापुढे, त्या रात्री तेथे कोणी जायचे, त्याचेही नाव असावे.

हे दुसरे नाव लिहिलेले नसेल, तर पहिल्या नावाची नोंद अपुरीच राहील. झमझममध्ये आकडे होते, त्यांच्यापुढे कोणाचे नाव नव्हते.