नवस केला, रक्त तपासले का?

वेरूळला गेलेल्या माणसाला घृष्णेश्वराच्या देवळाची एक कथा हमखास ऐकायला मिळते. घुष्मा नावाच्या बाईचा एकुलता एक मुलगा तिच्या सवतीने मत्सरापोटी मारला. घुष्मेने रोजची पूजा काही सोडली नाही आणि मुलगा जिवंत होऊन परत आला, अशी ती कथा. आजारी लेकरू कडेवर घेऊन आलेल्या आईला ही कथा ऐकून उभारी येते. त्या आईला हसणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्यात नाही. ज्याच्या घरी मूल तापाने फणफणले आहे, त्यालाच ती रात्र ठाऊक असते.

अशीच एक कथा आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातही आहे. कोकणातले बेने इस्रायल म्हणजे पेणकर, रोहेकर, नागावकर अशा आडनावांची माणसे. पूर्वी तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी काम बंद ठेवायची, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. १९४८ साली इस्रायल देश झाल्यावर बहुतेक कुटुंबे तिकडे गेली, थोडी मुंबई-ठाण्याकडे राहिली. त्यांची श्रद्धा एलियाहू हन्नाबी या प्रेषितावर. एका विधवेचा मुलगा आजारी पडून गेला, तेव्हा एलियाहूने देवाची करुणा भाकून त्याला उठवले, असे त्यांच्या धर्मग्रंथात आहे. म्हणून घरात कोणी आजारी पडले की एलियाहूला नवस बोलायचा आणि बरे वाटले की पोहे, खोबरे, साखर आणि फळे घालून मलिदा करायचा. आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना त्याच्या नावापुढे बापाचे नाही, आईचे नाव घेतात.

हे वाचून कोणी म्हणेल, तिकडेही नवस, इकडेही नवस, फरक काय? फरक आहे आणि तो आपल्या आया-बहिणींनी समजून घ्यावा असा आहे.

ज्यू धर्मात शनिवार फार कडक. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, प्रवास करायचा नाही. परंतु माणसाचा जीव धोक्यात असेल तर हे सगळे नियम मोडावेत, असे त्यांचे धर्मशास्त्रच बजावते. शनिवारी मुलाला झटका आला तर धर्मगुरूला विचारत बसायचे नाही, मिळेल ते वाहन पकडून दवाखाना गाठायचा. म्हणजे डॉक्टरकडे जाणे हेच तिथे धर्मपालन ठरते. याच बेने इस्रायल समाजात १८९० साली जन्मलेल्या जेरुशा झिराड डॉक्टर झाल्या आणि १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी प्रार्थनाही केली आणि हजारो बाळंतपणेही सुखरूप पार पाडली.

पण प्रार्थना झाली, औषध झाले आणि तरीही मूल गेले, तर? आपल्याला किसा गोतमीची गोष्ट माहीत आहे. मेलेले मूल घेऊन ती दारोदार फिरली. ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरची मोहरी तिला मिळाली नाही. तिचे मूल परत आले नाही, पण तिचे डोळे उघडले. चार लेकरे गमावण्याचे दुःख बाबासाहेब आणि माता रमाईंनीही सोसले.

अमेरिकेत ब्रुकलिनच्या जोसेफ एकस्टाइन या धर्मगुरूंची चार मुले टे-सॅक्स या आजाराने गेली. या आजारात मूल जन्मतः चांगले असते. सहा महिन्यांच्या सुमारास ते शिकलेले विसरू लागते, नजर जाते आणि बहुधा चार-पाच वर्षांत सगळे संपते. याला इलाज नाही. आई-बाप दोघेही धडधाकट असतात, पण दोघांच्याही रक्तात तो दोष लपलेला असतो. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंमध्ये साधारण तिसांत एक माणूस असा वाहक असतो.

एकस्टाइन यांनी देव सोडला नाही आणि दैवाला दोष देत बसलेही नाहीत. १९८३ साली त्यांनी ‘दोर येशोरिम’ ही संस्था काढली. लग्नाच्या वयाच्या मुला-मुलींचे रक्त तपासायचे आणि त्यांना नावाऐवजी एक आकडा द्यायचा. स्थळ आले की दोन आकडे कळवायचे. दोघेही वाहक असतील तर संस्था सांगते, हे स्थळ जुळत नाही. गावभर बोभाटा नाही आणि मुलीच्या माथी बट्टाही नाही. त्याआधी १९७१ पासूनच अमेरिकेतल्या ज्यूंनी आपल्या प्रार्थनामंदिरांत तपासणीची शिबिरे घेतली होती. या सगळ्यामुळे अमेरिका आणि कॅनडातल्या ज्यूंमध्ये हा आजार घेऊन जन्मणारी मुले नव्वद टक्क्यांहून अधिक प्रमाणात कमी झाली.

हे आम्ही इतके सविस्तर का लिहितो? कारण असाच एक आजार आपल्याही घरात आहे. सिकलसेल. विदर्भातील आदिवासी आणि बौद्ध समाजात त्याचे प्रमाण मोठे आहे आणि आपल्या मराठवाड्यातली कितीतरी घरे सोयरिकीने विदर्भाशी बांधलेली आहेत. लेकराचे हातपाय सुजतात, सांधे ठणकतात, डोळे पिवळे होतात. आम्ही वस्त्यांतून फिरतो तेव्हा ऐकू येते, ‘बाहेरचं काही झालंय.’ मग अंगारा, दोरा, उतारा. दोष मात्र सुनेच्या पदरात.

हिशेब साधा आहे. आई-बाप दोघेही वाहक असतील तर दर बाळंतपणात चारांत एका मुलाला आजार होण्याची शक्यता असते. एकटी आई वाहक असेल, तर आजार होत नाही. मग एकट्या सुनेला दोष कसला? आणि वाहक म्हणजे रोगी नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

तपासणीला थोडे रक्त लागते आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले आहे. दोघे वाहक असून लग्न झाले असेल, तर गर्भ राहताच डॉक्टरांना सांगावे, पोटातल्या बाळाचीही तपासणी होऊ शकते. आजारी मुलाला पाणी भरपूर पाजा, थंडीपासून जपा, गोळ्या चुकवू नका आणि ताप आला तर रात्र काढू नका, लगेच दवाखाना गाठा.

वेरूळच्या सहाव्या लेण्यात महामायूरीची मूर्ती आहे. सर्पदंशापासून आणि रोगराईपासून राखणारी म्हणून प्राचीन बौद्ध उपासक तिला स्मरत. शेजारी मोर आहे आणि खाली एक जण पोथी उघडून वाचत बसला आहे. लेणे खोदणाऱ्यांनी रक्षणकर्तीच्या पायाशी अभ्यास करणारा माणूस बसवला, हे मुलांना घेऊन जाल तेव्हा त्यांना जरूर दाखवा.

आमची विनंती एवढीच. वधू-वर परिचय मेळाव्यात जेवणाचा मंडप असतो, सत्काराचे स्टेज असते. यंदा एका कोपऱ्यात रक्त तपासणीचे टेबलही लावा. निकाल ज्याचा त्याला बंद पाकिटात द्या. पत्रिका जुळवणे आपण सोडले, ते चांगलेच केले. आता रक्त जुळवायला शिकू या.