आशियाविषयक संशोधन आणि विद्यापीठांचे सहकार्य

मा. संपादक,


आशियाई राष्ट्रांशी असलेल्या आपल्या संबंधांचे संशोधन व्हावे म्हणून विद्यापीठे परस्परांशी करार करीत आहेत, ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु ज्या करारात भाषाशिक्षणाची कायमची तरतूद नाही आणि उभयपक्षी अध्यापकांवर एखाद्या निश्चित कार्याची जबाबदारी टाकलेली नाही, तो करार दप्तरी दाखल होण्यापलीकडे काही साधील, असे मला वाटत नाही.

सहकार्य कसे असावे, याचा वस्तुपाठ पुण्यातच आहे. बुद्धघोषाच्या ‘समन्तपासादिका’ या विनयपिटकावरील टीकेचे चिनी रूपांतर संघभद्र नावाच्या भिक्षूने इ. स. ४८९ मध्ये केले. त्याचा इंग्रजी अनुवाद पु. वि. बापट यांनी अकिरा हिराकावा या जपानी पंडितांच्या सहकार्याने सिद्ध केला आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने तो १९७० साली प्रसिद्ध केला. पाली मूळ आणि चिनी रूपांतर ओळीओळीने ताडून पाहण्याचे हे कष्टाचे काम दोन देशांतील विद्वत्ता एकत्र आल्याने तडीस गेले. मात्र असा योग व्यक्तींच्या स्नेहावर अवलंबून ठेवला, तर त्या व्यक्तींबरोबरच तो संपतो. म्हणूनच त्याला संस्थेचा आधार हवा.

असा आधार का हवा, याचे दुसरे उदाहरण मुंबईतील कान्हेरीच्या लेण्यांचे. तेथील ९० क्रमांकाच्या लेण्यात इ. स. १००९ व १०२१ मध्ये आलेल्या जरथुश्त्री यात्रेकरूंनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. बौद्ध लेणे, इराणी यात्रेकरू आणि कोकणचा किनारा यांचा हा संबंध उलगडण्यास पुरातत्त्व, बौद्धविद्या आणि इराणी भाषा या तिन्हींचे जाणकार लागतात. ते सर्व एकाच विद्यापीठाच्या आवारात क्वचितच सापडतील.

आज गरज व्यापाराच्या व सीमेच्या अभ्यासाची असताना जुने ग्रंथ कशाला, असा आक्षेप घेतला जातो. परंतु ज्याला शेजाऱ्याची भाषा वाचता येत नाही, त्याला शेजाऱ्याचे आजचे मनोगतही तिऱ्हाइताच्या तोंडून ऐकावे लागते, आणि ही परावलंबिता व्यापाराच्या अभ्यासकासही चुकत नाही. खर्चाची सबबही टिकणारी नाही. पुण्याने चिनी, जपानी व तिबेटी भाषांचा, मुंबईने फारसी, पहलवी व अरबी भाषांचा भार उचलावा. चीनच्या किनाऱ्यावरील मकाव या पोर्तुगीज वसाहतीचा कारभार एके काळी गोव्यातून चालत असे. तेव्हा पणजीच्या अभिलेखागारातील पोर्तुगीज दस्तऐवजांचे काम गोवा विद्यापीठाने हाती घ्यावे. विद्यार्थी तिन्ही ठिकाणी फिरते ठेवले, तर कोणा एकावर असह्य बोजा पडणार नाही.

माझ्या मागण्या तीन आहेत : कराराची मुदत किमान दहा वर्षे असावी, अध्यापक निवृत्त झाल्यावर भाषेची जागा रद्द होऊ नये, आणि कोणता ग्रंथ वा दस्तऐवज कोणी, केव्हापर्यंत संपादित करावयाचा, हे करारातच नमूद करून झालेल्या कामाचा वार्षिक अहवाल छापला जावा. संबंधित विद्यापीठांनी आणि दोन्ही राज्यांच्या शासनांनी येत्या अर्थसंकल्पापूर्वी याची तजवीज करावी, अशी आपल्या पत्राद्वारे माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे