अडीच फुटांची वाट

मागच्या महिन्यात सातवीच्या मुलांना घेऊन आम्ही मेट्रोने कडबी चौकात उतरलो आणि मोतीबागेतले नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय पाहून आलो. २००२ च्या डिसेंबरात ते सुरू झाले. जुन्या इंजिनांपेक्षा मुलांना तिथली छोटी गाडीच जास्त आवडली, हे वेगळे सांगायला नको. एका मुलीने मात्र रुळांकडे बघत विचारले, "टीचर, एवढ्याशा रुळावरून खरी माणसे जायची?"

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या फरशीवर खडूने दोन रेघा ओढल्या. मधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. शेजारी ब्रॉडगेजच्या रेघा, १६७६ मिलिमीटरच्या. दुपटीहून जास्त. मुले या रुळावरून त्या रुळावर उड्या मारत राहिली आणि गणिताचा तास तिथेच संपला.

नागपूरला आगगाडी आली १८६७ साली, मुंबईहून. मग मीटरगेजची वाट पूर्वेला राजनांदगावपर्यंत गेली. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली; तिने ही वाट ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली. पण सातपुड्यातल्या, जंगलातल्या लहान गावांसाठी एवढा खर्च कोण करणार? अरुंद रूळ स्वस्तात पडतो, घाटात चटकन वळतो, त्याचे पूलही लहान चालतात. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदिया–नैनपूर–जबलपूर हा अडीच फुटी मार्ग झाला. छिंदवाड्याकडे फाटे गेले. १९०८ मध्ये नागपूर–नागभीड सुरू झाला. यवतमाळची शकुंतला याच मापाची, पण ती किलिक निक्सन या खासगी कंपनीची आणि मुख्यतः कापसासाठी टाकलेली. या सगळ्यात एक अडचण कायमची होती. जिथे रुळाचे माप बदलते तिथे सगळा माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरायचा. व्यापारी कुरकुरत, हमालांची मात्र चूल त्यावर पेटे.

साहेबाने ही वाट मालाचा हिशेब करून टाकली, आमच्या खालांचा विचार करून नव्हे. पण खालांनी ती पुरेपूर वापरली.

खालांचे सासर उमरेडला, माहेर नागपुरात मोमिनपुऱ्यात. लग्नानंतर पहिली काही वर्षे खालू सोबत यायचे. मग एकदा त्यांना सुटी मिळाली नाही आणि खाला एकट्याच गाडीत बसल्या. डब्यात भाजीवाल्या बाया, रोज ये-जा करणाऱ्या शिक्षिका, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसे. सगळे एकमेकांना ओळखत. संध्याकाळी घरी येऊन खालू म्हणाले, "ठीक आहे, या गाडीने जात जा." तेव्हापासून दर महिन्याला खाला इतवारी स्टेशनवर उतरायच्या. पिशवीत भिवापूरची मिरची असायची. परत जाताना त्याच पिशवीत अम्मीने दिलेला शीरखुर्म्याचा मेवा नाहीतर मुलांचे कपडे. गाडी हळू होती, उन्हाळ्यात डबा तापून तवा व्हायचा, आणि वेळापत्रकाचे तर न बोललेलेच बरे. पण घराबाहेर पडायला कुणाची सोबत लागत नव्हती.

२०१९ च्या मार्चमध्ये नागपुरात मेट्रो धावू लागली. आम्हीही पहिल्याच आठवड्यात बसून आलो, मुलांपेक्षा आम्हालाच उत्साह. त्याच वर्षी नोव्हेंबरात इतवारी–नागभीड गाडी ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. छिंदवाड्याची त्याआधीच, २०१५ च्या अखेरीस बंद झाली होती. ब्रॉडगेज नको असे आम्ही म्हणत नाही. मधे गाडी बदलावी लागणार नाही, मालाची चढउतार वाचेल, वेग वाढेल. उमरेड-भिवापूरच्या मुलांना कॉलेजसाठी रोज नागपूर गाठता येईल. हे सगळे हवेच. पण जुनी वाट उखडली आणि नवी तयार होईपर्यंत मधली वर्षे कुणी कशी काढायची, हा हिशेब बहुधा ज्याचा त्याने करायचा असतो.

खालांना एसटीत मळमळते आणि गुडघे पायरी चढू देत नाहीत. मोटारीने यायचे तर मुलाला सुटी हवी. महिन्याची भेट आता ईदेवर आली आहे. दोघी बहिणींमध्ये अंतर पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर, आणि बोलणे मोबाइलच्या पडद्यावर. अम्मीला तो धड धरताही येत नाही, अर्धा वेळ खालांना छतच दिसते.

संग्रहालयात काढलेले फोटो आम्ही खालांना पाठवले. डब्याचा फोटो त्यांनी मोठा करून पाहिला म्हणे. रात्री फोन आला. इंजिनाबद्दल एक शब्द नाही, १९०८ बद्दलही नाही. म्हणाल्या, "बेटा, नव्या गाडीची पायरी किती उंच असते?"

आम्ही म्हटले, स्टेशनवर जाऊन मोजून सांगतो.