गाठ साधी, पण जागा मेंदूची

‘गाठ कर्करोगाची नाही’ हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून ऐकताच घरातील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. रुग्णाच्या मनात मात्र त्याच क्षणी दुसरी भीती घर करते. साधी गाठ, पण मेंदूत! नातेवाईक ‘साधीच तर आहे’ असे म्हणत राहतात आणि रुग्णाला आपले भय बोलून दाखविण्याचीही चोरी होते.

या भयाला आधार आहे. कवटी ही बंद पेटी असल्याने हळूहळू वाढणारी निरुपद्रवी गाठही दृष्टी, श्रवण, वाचा वा हातापायांची शक्ती यांवर दाब आणू शकते. मेंदूच्या आवरणापासून उद्भवणाऱ्या ‘मेनिन्जिओमा’ या गाठी पुष्कळदा याच जातीच्या असतात आणि त्या पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतात. दुसरीकडे, नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे २००० सामान्य नागरिकांच्या मेंदूची एमआरआय तपासणी झाली, तेव्हा सुमारे ०.९ टक्के लोकांत अशी गाठ आढळली. २००७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणजे गाठ डोक्यात बाळगून वर्षानुवर्षे सुखाने व्यवहार करणारी माणसे आपल्या आसपास असू शकतात.

म्हणूनच निवड कठीण होते. गाठ लहान असून त्रास नसेल, तर ठरावीक काळाने एमआरआय करून तिच्यावर केवळ लक्ष ठेवले जाते. दाब वाढला असेल, तर शस्त्रक्रिया. गाठ साधारण तीन सेंटिमीटरच्या आत असेल किंवा शस्त्रक्रियेस अडचणीच्या जागी असेल, तर ‘गामा नाइफ’सारखी किरणोपचार पद्धती. नावात सुरी असली तरी तिच्यात चिरफाड नाही. कोबाल्टचे सुमारे दोनशे सूक्ष्म किरण एका बिंदूवर एकवटतात. स्वीडनमधील लार्स लेक्सेल यांच्या कल्पनेतून १९६८ च्या सुमारास ती साकारली. पीयूषिका ग्रंथीच्या काही गाठी तर केवळ गोळ्यांनी आक्रसतात.

यांपैकी पहिला मार्ग कागदावर सर्वांत सोपा आणि मनाला सर्वांत जड. ‘सहा महिन्यांनी या’ असे सांगणारा डॉक्टर घरच्यांना निष्काळजी वाटतो. प्रत्येक डोकेदुखी गाठीच्या खात्यावर जमा होते आणि तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. अशा वेळी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे, पण दहा ठिकाणी फिरू नये. एमआरआयची सीडी व जुने अहवाल सोबत ठेवावेत, प्रश्न वहीत लिहून न्यावेत. गाठ तशीच ठेवली तर काय होईल, काढली तर कशाला धोका, पुन्हा उद्भवेल काय, गाडी केव्हा चालवता येईल, हे स्पष्ट विचारावे.

साखरखेर्ड्यासारख्या गावात मेंदूच्या शल्यविशारदाकडे जायचे म्हणजे छत्रपती संभाजीनगर, नागपूर वा मुंबईचा प्रवास. साहजिकच घरातील कर्ते पुरुष फाईल घेऊन पुढे होतात, खर्चाचा हिशेब मांडतात आणि निर्णय करूनच परततात. ज्या काकूंच्या वा वहिनींच्या डोक्यात गाठ आहे, त्यांना मात्र शस्त्रक्रियेची तारीख कळते, पर्याय कळत नाहीत. ही प्रेमाचीच रीत, पण अन्यायाची. जिच्या डोळ्यांचा, आवाजाचा, चेहऱ्याच्या स्नायूंचा प्रश्न आहे, तिने डॉक्टरांसमोर बसून ऐकलेच पाहिजे.

आणखी एक सवय व्यापारी घरांत आढळते: ‘सोयाबीनचा हंगाम जाऊ द्या, मग पाहू.’ अमेरिकी सेनानी लिओनार्ड वुड यांची कथा येथे आठवते. मेनिन्जिओमा हे नाव १९२२ मध्ये देणारे शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९१० मध्ये वुड यांची गाठ काढली. वुड त्याच वर्षी सेनाप्रमुख झाले, पुढे फिलिपिन्सचे गव्हर्नर-जनरलही. गाठ पुन्हा वाढली, शरीराची एक बाजू दुबळी होत गेली, तरी कामाच्या व्यापात उपचार लांबले. १९२७ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि तीतून ते वाचले नाहीत. आजची साधने कितीतरी पुढारलेली आहेत, परंतु लांबणीवर टाकण्याची वृत्ती तीच आहे. डॉक्टरांनी सांगितलेले थांबणे आणि आपण सोयीने लांबवणे या दोन भिन्न गोष्टी होत.

सोयरिकीच्या भयाने आजार झाकण्याचा प्रकारही होतोच. गाठीमुळे येणारा झटका ‘चक्कर’ म्हणून सांगितला जातो आणि मुलगा मोटारसायकलवरून मेहकरला वसुलीस निघतो. यात त्याच्याबरोबर रस्त्यावरील इतरांचाही जीव धोक्यात येतो.

झटके रोखणाऱ्या गोळ्यांचा क्रम तुटला, तर झटका परत येऊ शकतो. सूज कमी करणारी स्टेरॉइड औषधे तर एकाएकी बंद करणे घातकच. चौविहार पाळणाऱ्यांनी सायंकाळची मात्रा सूर्यास्तापूर्वी बसविता येईल का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. पर्युषणात उपवासाचा संकल्प असेल, तर प्रत्याख्यान घेण्यापूर्वीच आजार महाराजसाहेबांच्या कानी घालावा व औषधाच्या आगाराविषयी विचारावे. रुग्णाने मनातल्या मनात गोळी वगळू नये. ‘असाता वेदनीयाचा उदय’ हे शब्द कोणी मंदिरात धीर देण्यासाठी उच्चारतो, कोणी ठपका ठेवल्यासारखे. रुग्णाला त्यांतील फरक लगेच जाणवतो.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे माणूस लगेच पूर्ववत झाला, असे नव्हे. थकवा, विसराळूपणा, चटकन येणारा राग वा रडू काही महिने टिकू शकते. गल्ल्यावर बसलेल्या वडिलांची बेरीज चुकली, तर गिऱ्हाइकासमोर टोकण्याऐवजी मुलाने वही हळूच आपल्याकडे ओढावी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मेंदूच्या अनेक शस्त्रक्रियांचा समावेश आहे, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे दाखल होण्यापूर्वीच करावी. मुंबईत ब्रेन ट्यूमर फाउंडेशन ऑफ इंडिया ही संस्था रुग्ण व कुटुंबीयांसाठी कार्य करते. उपचारांनिमित्त मुंबईस जाणाऱ्यांनी तिची माहिती घ्यावी, कारण याच वाटेने गेलेल्या माणसाशी बोलता आले तर मनातील कित्येक प्रश्न रुग्ण प्रथमच मोकळेपणाने विचारू शकतो.