रजेचा अर्ज आणि बंदूक

दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या शाळेत वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, 'यासर अराफात : अतिरेकी की स्वातंत्र्यसैनिक?' मी 'अतिरेकी' या बाजूने बोललो आणि हरलो.

सुट्टीत जबलपूरला घरी गेलो. एका संध्याकाळी आजोबांबरोबर बडा फुहाऱ्यावर पणत्या घेताना मी विचारले, "आजोबा, कुवेतमधली इंजिनिअरची नोकरी सोडून माणूस बंदुकीकडे का वळतो?"

आजोबा गन कॅरेज फॅक्टरीच्या हिशेब विभागातून निवृत्त झाले आहेत. ते म्हणाले, "अरे, वासुदेव बळवंत फडकेही माझ्यासारखेच लष्करी हिशेबातले कारकून होते. आधी त्यांचं चरित्र वाच."

मी वाचले. फडक्यांचा जन्म १८४५ साली शिरढोणचा. पुण्यात नोकरी करताना आई आजारी पडली, पण रजा वेळेवर मिळाली नाही. ते पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढे १८७६-७७ च्या दुष्काळात लोकांचे हाल त्यांनी पाहिले. मग रामोशी आणि इतर तरुण जमवून फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांनी धामारी गावावर छापा घातला. सैन्य उभारायला पैसा हवा होता, म्हणून सावकारांची घरे लुटली.

इथेच घोडे अडले. लूट मिळाली की बरीच माणसे आपला वाटा घेऊन घरी जाऊ पाहत. घरी पोरे उपाशी असताना त्यांना दोष तरी कसा द्यावा? पण फडक्यांना हवे होते सैन्य, आणि हाती राहिली टोळी. मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक मारले गेले. २० जुलैला फडके पकडले गेले. जन्मठेप होऊन त्यांना एडनला पाठवले. तिथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला.

फडके आणि अराफात सारखे नव्हेत. अराफातांना १९९४ चे शांततेचे नोबेल विभागून मिळाले. पण त्यांच्या फताहशी संबंध असलेल्या गटाने १९७२ साली म्युनिकमध्ये ११ इस्रायली खेळाडू व प्रशिक्षकांचा बळी घेतला, हेही खरे. माझे मत असे की, दुःख खरे असले म्हणून प्रत्येक गोळी न्याय्य ठरत नाही. आमचे ड्रिलचे उस्ताद रायफल हाती देण्याआधी नळी कुणाकडे वळवायची नाही ते शिकवतात. सैनिक आणि टोळी यांत फरक आहे तो एवढाच.

पण स्पर्धेत मी अर्धेच बोललो होतो. बंदुकीच्या आधी एक अर्ज असतो आणि तो कुणीतरी वाचलेला नसतो. उद्या मी अधिकारी झालो आणि एखादा जवान आईसाठी रजा मागायला आला, तर त्याचा अर्ज मी त्याच दिवशी वाचीन.