डांबरावर फोर-एच काढा!
अहिल्यानगर जिल्ह्यातील फोर बाय फोर चालक, ट्रॅक्टरचालक आणि गॅरेजवाल्यांना तातडीचे आवाहन

थार, जिप्सी, जिम्नी, गुरखा किंवा जुनी फोर बाय फोर बोलेरो बाळगणाऱ्या मालकांनो, ऊसवाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टरचालकांनो आणि गॅरेजवाल्या मित्रांनो,

पावसाळा तोंडावर आला आहे. काजवे पाहायला भंडारदऱ्याला गेलेली मंडळी परततात न परततात, तोच अकोले तालुक्याच्या डोंगरात पाऊस उतरतो. मग घाटघर, रतनवाडी, साम्रदच्या रस्त्यांवर शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागते. पाऊस आहे, घाट आहे, चारही चाकांना ताकद दिलेली बरी, असे म्हणून अनेक जण चांगल्या डांबरी रस्त्यावरही फोर-एच टाकून ठेवतात. ही सवय आजच सोडा. तिने गाडी घाटाच्या वळणावर वळायला नाखूश होते, आणि ट्रान्सफर केसचे मोठे काम निघते ते वेगळेच.

कारण साधे आहे. गाडी वळते तेव्हा पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावर फिरतात. तीन दरवाजांच्या थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर आहे. तिच्या मागच्या अ‍ॅक्सलचा मध्य ६ मीटर त्रिज्येने काटकोनात वळला, तर तेवढ्यात पुढच्या अ‍ॅक्सलचा मध्य सुमारे पाऊण मीटर जास्त अंतर कापतो. घाटातल्या पूर्ण उलट्या वळणावर हाच फरक दीड मीटर होतो. टू-एचमध्ये पुढची चाके मोकळी असल्याने काही बिघडत नाही. फोर-एचमध्ये मात्र पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना जखडलेले असतात. वर नावे घेतलेल्या गाड्यांत या दोन शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नसतो. चिखलात, मुरमावर टायर थोडे घसरतात आणि फरक तिथल्या तिथे जिरतो. डांबर आणि काँक्रीट टायरला घसरू देत नाहीत. मग तो फरक शाफ्ट, क्रॉस आणि गिअरांत पीळ होऊन साठत जातो. ओले डांबरही चिखलाइतके घसरू देत नाही, हे ध्यानात ठेवा.

गाडीत पीळ बसतो आहे, हे ओळखा

वळणावर स्टिअरिंग जड होते आणि सरळ व्हायला ओढते. कमी वेगात पूर्ण वळवल्यावर गाडी धक्के घेत, अडखळत चालते. हँडब्रेक अर्धवट राहिल्यासारखे वाटते. टायर किंचाळतात. टू-एच केले तरी लिव्हर हलत नाही, किंवा बटण फिरवूनही मीटरवरचा फोर बाय फोरचा दिवा जात नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशी ही गत. यातले एक जरी लक्षण दिसले, तरी पुढचा घाट चढू नका.

अडकलीच तर

लिव्हरवर दोन्ही हातांनी जोर करू नका. वळणावर थांबू नका. सपाट, मोकळी जागा गाठा. मागे माणूस नाही याची खात्री करून, आलात त्याच वळणाने चार-पाच मीटर हळू मागे या आणि पुन्हा लिव्हर ओढा. शक्य असेल तर एका बाजूची चाके कच्च्या साइडपट्टीवर घ्या. तिथे टायर सरकून पीळ सुटतो.

एक धोका कुणी सांगत नाही. अडकलेली लिव्हर ओढताना ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये राहिली, तर गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवूनही थांबत नाही. तिला फक्त हँडब्रेक धरून असतो. उतारावर गाडीतून उतरण्याआधी लिव्हरची जागा पाहा आणि चाकाला दगड लावा.

दोष नेमका कुठे, हे तपासा

मोकळ्या, कोरड्या, सपाट जागी काचा खाली करा. टू-एचमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने, दोन्ही बाजूंना स्टिअरिंग पूर्ण वळवून फिरवून पाहा. गाडी सहज फिरली आणि केवळ फोर-एचमध्येच अडखळली, तर गाडी ठीक आहे, वापर चुकतो आहे. टू-एचमध्येही अडखळली, तर ट्रान्सफर केसमधले शाफ्ट एकमेकांपासून सुटलेले नसावेत. खात्रीसाठी गॅरेजमध्ये टू-एच करून इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, बाकी चाकांना अडण्या लावा आणि पुढचे एकच चाक जॅकवर उचलून स्टँड द्या. ते हाताने फिरले पाहिजे. फिरत नसेल, तर एक तर पुढचा शाफ्ट अजून जखडलेला आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक धरतो आहे. थोडे चालवून एकाच चाकाचा ड्रम किंवा डिस्क बाकीच्यांपेक्षा जास्त तापत असेल, तर ब्रेककडे पाहा. हात लावू नका, जवळ नेऊन धग जोखा. वळताना पुढून टकटक येत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट तपासा. वेगाबरोबर थरथर वाढत असेल, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस पाहा. ट्रान्सफर केस उघडायचा निर्णय या सगळ्यानंतर घ्या.

टायर विसरू नका. ७० सेंटिमीटर व्यासाच्या टायरची नक्षी दुसऱ्यापेक्षा ५ मिलिमीटर जास्त झिजली असेल, तर साध्या हिशेबाने किलोमीटरमागे सुमारे १४ मीटरचा फरक पडतो. पुढे नवी जोडी आणि मागे गुळगुळीत जोडी असली, तर सरळ रस्त्यावरही पीळ बसतो. चारही टायर एकाच मापाचे, सारख्या झिजेचे ठेवा आणि हवा कंपनीने सांगितली तेवढीच भरा.

ट्रॅक्टरचालकांना खास विनंती

राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर, नेवासा या पट्ट्यात फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर मोठ्या प्रमाणात आले आहेत. त्यांची पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित, साधारण १ ते ५ टक्के, पुढे ओढतील अशीच बांधणी असते. म्हणून शेतातून डांबरावर आलात की पुढची ड्राइव्ह काढा; उतारावर ब्रेकसाठी ती ठेवायची की नाही, हे तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात पाहा. पुढचा टायर बदलताना 'बसतोय ना' म्हणून दुसरे माप घालू नका. ते प्रमाण बिघडते. गळीत हंगाम सुरू होण्याआधी हे तपासून घ्या.

आमची मागणी

गॅरेजवाल्यांनो, पावसाळ्याआधी येणाऱ्या प्रत्येक फोर बाय फोरची ही तपासणी करा आणि मालकाला लिव्हर कधी टाकायची ते समजावून सांगा. टायर दुकानदारांनो, फोर बाय फोरला दोनच टायर विकताना उरलेल्या दोघांची झीज मोजून दाखवा. भंडारदरा-साम्रद परिसरातल्या निवासवाल्यांनो, कच्चा रस्ता कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते पाहुण्यांना आधीच सांगा.

लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ही संस्था अहिल्यानगर शहरातच आहे आणि रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्रही इथेच आहे. फोर बाय फोर गाडी या जिल्ह्याला नवखी नाही. ती नीट वापरण्यातही आपण मागे राहू नये.

चिखल लागला की फोर-एच टाका, डांबर लागले की काढा. येत्या रविवारी घाटात निघण्याआधी अर्धा तास काढून गाडी वळवून पाहा, टायर मोजा, आणि अडखळली तर गॅरेज गाठा.